मटनबर्डला रडार कशाला?

"धुकं होतं म्हणतोस?" ग्लेनिस म्हणाली. "त्या दिवशी मी चादरी बाहेर वाळत घातल्या होत्या. दुपारच्या आत पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्या. धुक्यात चादरी वाळतात का रे, नेव्हिल?"

"चादरी घरामागे होत्या. धुकं पाण्यावर होतं."

"घरामागच्या दोरीपाशी उभं राहिलं की मला होप बेट दिसतं. बेटावरची झाडं दिसतात. त्या दिवशी एकेक झाड मोजून घ्यावं इतकं स्वच्छ होतं."

"तू चिमटे लावत होतीस की झाडं मोजत होतीस?"

"दोन्ही."

केरिन, त्यांची मुलगी, दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून टोस्टला लोणी लावत होती. नवऱ्याला सोडून ती चाळिशीत परत आईबापांकडे राहायला आली होती आणि सकाळच्या या भांडणांची तिला आता रेडिओसारखी सवय झाली होती.

"आई, बाबांना रडार हवंय, दुसरी बाई नकोय," ती म्हणाली. "घेऊ दे की."

"दुसरी बाई असती तर कशासाठी ते मला कळलं असतं. रडार कशासाठी ते कळत नाहीये."

नेव्हिलने माहितीपत्रक पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. गुळगुळीत कागदावर एक पांढरी बोट होती, तिच्या टपावर चपटा पांढरा डबा, आणि सुकाणूपाशी एक माणूस, ज्याने आयुष्यात कधी मासा साफ केला नसावा. ग्लेनिसने त्या कागदाकडे नीट पाहिलं आणि तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.

"मॅकगिनिसकडे रडार आहे," नेव्हिल म्हणाला.

"मॅकगिनिसकडे पोहण्याचा तलावही आहे. दारात समुद्र असताना."

"धुक्यात काही दिसत नाही, ग्लेन. परत तसं झालं तर? त्या वेळी नुसता बोया होता. उद्या माणूस असेल."

गोष्ट इथे येऊन अडत होती. शरद ऋतूत, सफरचंदांची तोडणी संपत आली असताना, एका दुपारी नेव्हिलची बोट, मटनबर्ड, उजव्या अंगावर लांबलचक ओरखडा घेऊन परत आली होती. ओरखड्यात पिवळा रंग होता. सामन मासे पाळायच्या जाळ्यांच्या कडेला जे मोठे पिवळे बोये तरंगत असतात, त्यांतल्या एकाला ती घासली होती. धुकं होतं, नेव्हिल म्हणाला होता. क्लबात, बेकरीत, पेट्रोल पंपावर, ज्याने विचारलं त्याला त्याने धुकंच सांगितलं. आणि ग्लेनिस तेव्हापासून मनातल्या मनात त्या चादरी काढत होती आणि घालत होती.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नेव्हिल खोटं बोलला नव्हता असं नाही. वाढदिवसाच्या आधी बोलला होता, दारूच्या तिसऱ्या ग्लासाबद्दल नेहमीच बोलत असे. पण हवेबद्दल कधी बोलला नव्हता. डोव्हरसारख्या खाडीकाठच्या गावात हवेबद्दल कुणी खोटं बोलत नाही. इथे सगळ्यांच्या घरातली माणसं पाण्यावर असतात.

"मी येणार," ती म्हणाली.

"कुठे?"

"होबार्टला. दुकानात. तू एकटा जाणार नाहीस."

नेव्हिल थोडा वेळ तिच्या कानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ये. गाडी तूच चालव मग. माझा गुडघा दुखतोय."

*

ग्लेनिस डिरीनला कुणी काही सहजासहजी विकू शकत नसे. अंड्यांचा खोका ती दुकानातच उघडून एकेक अंडं फिरवून बघायची. खाटकाने दिलेला खिमा घरी आणून स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलायची, आणि तो बरोबर भरला की तिला थोडंसं वाईटच वाटायचं. तीस वर्षं ती डोव्हरच्या पोस्टाच्या खिडकीत बसली होती. कुणाच्या घरी वकिलाची पाकिटं येतात, कोण नाताळचं पार्सल न घेताच परत पाठवतं, हे सगळं बघूनही तिने कुणाला काही सांगितलं नाही. पण माणूस जे बोलतो आणि त्याच्या नावाने जे येतं ते एकच असतं, या गोष्टीवरचा तिचा विश्वास उडाला तो कायमचा. नेव्हिलने लग्नाचं विचारलं तेव्हा तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला होता तो, "का?"

त्याने दिलेलं उत्तर तिला पटलं, तेव्हा तिने एक अट घातली. साउथ ईस्ट केपच्या भूशिरापलीकडे जायचं नाही. कधीच नाही, कुणाबरोबरच नाही. तिचे वडील क्रेफिशची, म्हणजे मोठ्या शेवंडांची पकड करायचे. एका हिवाळ्यात ते केपला वळसा घालून पश्चिमेला गेले, पोर्ट डेव्हीच्या बाजूला, आणि परत आलंच काही तर त्यांच्या बोटीच्या झाकणाची एक फळी. आई पुढचा सगळा मोसम त्यांचं ताट मांडत राहिली. नेव्हिलने अट मान्य केली आणि पाळली. त्याच्या धाकट्या भावाने, ॲथॉलने, दर उन्हाळ्याला त्याला चिडवलं. "बायकोने दोरी किती लांब दिलीय, दाद्या? आज साउथपोर्टपर्यंत?" नेव्हिल हसायचा आणि साउथपोर्टच्या अलीकडूनच परत फिरायचा.

तो शाळेची बस चालवायचा. वळणावरून बस आली की कुठलं पोर धावत येणार, कुठलं फाटकात रेंगाळणार, कुणी आज गृहपाठ केलेला नाही, हे त्याला दुरूनच नुसत्या चालीवरून कळायचं. आता ती पोरं मोठी झाली होती, दाढीवाली, लेकुरवाळी. रस्त्यात भेटली की हाक मारायची. आणि नेव्हिल अलीकडे सगळ्यांनाच म्हणायचा, "काय दोस्ता, कसं काय?" बाईमाणसालासुद्धा. ग्लेनिसला वाटायचं, म्हातारा झाला, नावं विसरायला लागला.

आता निवृत्त झालेला माणूस, दारात बोट, पोर्ट डेव्हीची स्वप्नं बघणारा भाऊ, आणि मध्येच अंधारात नि धुक्यात मैलोनमैल बघणारं यंत्र. ग्लेनिसने दोन अधिक दोन केले. केपच्या पलीकडे जायला रडार लागतं. खाडीत फ्लॅटहेड मासे पकडायला लागत नाही. त्या दुपारी मटनबर्ड खाडीत नव्हतीच. दोघं भाऊ खाली केपकडे गेले होते, परत येताना घाई झाली, तिला संशय यायच्या आत पोचायचं म्हणून जाळ्यांच्या कडेने आत घुसले आणि घासले. बसत होतं सगळं. एवढं नीट बसत होतं की तिला त्यातच एक प्रकारचं समाधान वाटलं.

*

दुकान होबार्टच्या गोदीजवळ होतं. दोर, नांगर, रंग आणि नव्या रबराचा वास. विक्रेत्याचं नाव रीस, तिशीतला, नीट कापलेली दाढी, नखांत तेल नाही. ग्लेनिसने नखं आधी पाहिली.

"किती लांब जाता तुम्ही?" त्याने विचारलं.

"तेच मला जाणून घ्यायचंय," ग्लेनिस म्हणाली.

रीस हसला. नेव्हिल हसला नाही. "खाडीतच," तो म्हणाला. "फार तर साउथपोर्ट."

रीसने त्यांना दोन प्रकार दाखवले. एक उघडा, लांब पट्टीचा, जो टपावर गरागरा फिरतो. तो पार क्षितिजापलीकडलं बघतो, वीज जास्त खातो, मोठ्या बोटीला शोभतो. दुसरा बंद डब्यातला, घुमटासारखा, पोळपाटापेक्षा थोडा मोठा. तो तेवढ्या लांबचं बघत नाही, पण जवळचं बारीक दाखवतो. जुन्या यंत्रांना बोटीच्या अगदी नाकासमोरचं दिसत नसे, हे नवं जवळचंही धरतं, असं रीस म्हणाला.

ग्लेनिस नेव्हिलचं तोंड बघत उभी होती. आता हा पट्टीवाल्याकडे जाणार. आता म्हणणार की घ्यायचंच तर चांगलं घेऊ.

नेव्हिलने पट्टीवाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "डब्यातलं चालेल," तो म्हणाला. "पडदा दाखवा."

"पडद्याचं नंतर बघू, आधी पल्ला किती—"

"पल्ला कितीही असू द्या. सगळ्यात मोठा पडदा कोणता?"

रीसने मोठा पडदा लावला. नेव्हिल त्याच्या अगदी जवळ गेला आणि दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखी मान तिरकी करून एका बाजूने बघू लागला. मग त्याने बोटं पडद्याच्या कडेवर फिरवली. "हे हात लावून चालवायचं आहे. बटणांचं नाही का?"

"आता सगळे हात लावूनच चालवतात."

"मला बटणं हवीत. आणि हे फिरवायचं गोल असतं ना, ते."

बटणांचा पडदा आला. नेव्हिलने डोळे मिटून बटणं चाचपली, एक, दोन, तीन, खाली गोल खुंटी. ग्लेनिसच्या मनात पाल चुकचुकली. पल्ला विचारत नाही. वीज विचारत नाही. हा माणूस साधं टोस्टर घेताना तारेची लांबी विचारतो. हा मला दाखवायला छोटं घेतोय. मी घरी बसले की ॲथॉल येऊन बदलून नेणार.

"बदलून मिळतं का नंतर?" तिने रीसला विचारलं. "छोटं देऊन मोठं?"

"मिळतं की!" रीस खूश झाला. ग्लेनिस आणखीच सावध झाली.

दुकानाची एक बोट गोदीत बांधलेली होती. रीस त्यांना तिच्यावर घेऊन गेला आणि नदीत पुलाच्या दिशेने निघाला. पडद्यावर पूल एक जाड पट्टा होऊन आला, किनारा वेड्यावाकड्या रेघेसारखा. समोरून प्रवाशांची फेरीबोट येत होती. तिचा ठिपका लाल झाला.

"आपल्याकडे येतं ते लाल," रीस म्हणाला. "लांब जातं ते हिरवं. आणि ठरवलेल्या गोलाच्या आत काही आलं की हे ओरडतं."

"किती मोठ्याने ओरडतं?" नेव्हिलने विचारलं.

"पाहिजे तेवढ्या."

"ओरडवा."

यंत्र ओरडलं. फेरीबोटीवरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. नेव्हिलच्या चेहऱ्यावर, ग्लेनिसने स्पष्ट पाहिलं, सुटल्यासारखं काहीतरी आलं. आणि आणखी एक गोष्ट तिने पाहिली, पण तिचं काय करावं हे तेव्हा तिला कळलं नाही. अख्ख्या चकरेत नेव्हिलने मान वर करून पाण्याकडे पाहिलंच नव्हतं. जन्मभर पाण्याकडे बघत आलेला माणूस, आणि आज डोळे पडद्यावर.

"वल्ह्याची छोटी कयाक दिसते का यात?" तिने रीसला विचारलं. तिला काहीतरी विचारायला हवंच होतं.

"पाणी शांत असेल तर कधी दिसते. लाटांत बहुधा नाही."

"लाकडाचा ओंडका? अर्धा बुडालेला? आमच्याकडे पुरानंतर ह्यूऑन नदीतून पुष्कळ येतात."

"ओंडका नाही दिसणार," रीस म्हणाला. मग जरा थांबून, विकणारा माणूस सहसा बोलत नाही ते बोलला. "हे डोळ्यांच्या जोडीला आहे. डोळ्यांच्या ऐवजी नाही. समोर कुणीतरी बघायला लागतंच."

नेव्हिलने ती गोल खुंटी थोडी फिरवली आणि पडद्यावरचा पूल मोठा केला.

ग्लेनिस त्याच दिवशी काही घेत नसे; ती म्हणाली, विचार करून कळवू. परतीच्या वाटेवर तिने गाडी चालवली. ह्यूऑनव्हिल गेलं, फ्रँकलिन गेलं, नदीकाठच्या लाकडी बोटी गेल्या. जीव्हस्टनच्या चढावर तिच्या लक्षात आलं की मागच्या हिवाळ्यापासून गाडी तीच चालवतेय. गुडघा. पण गेल्या आठवड्यात त्याच गुडघ्यावर बसून त्याने दुपारभर मटनबर्डचा तळ खरवडला होता.

"आज गप्प आहेस," नेव्हिल म्हणाला.

"रस्ता बघतेय," ती म्हणाली. "कुणीतरी बघायला हवं ना."

*

ॲथॉल आपल्या धक्क्यावर क्रेफिशचे पिंजरे रचत होता. ग्लेनिसने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"कुठे नेतोयस माझ्या नवऱ्याला?"

"मी?" ॲथॉलने टोपी मागे सारली. "अगं, तो येतो कुठे! एका उन्हाळ्यात एकदा आला माझ्याबरोबर. तेसुद्धा तुझ्या हातची शिंपल्यांची पाई खाऊन झोपून गेला."

"पोर्ट डेव्ही."

"पोर्ट डेव्ही? नेव्ह?" तो मोठ्याने हसला. पण हसणं मध्येच तुटलं. "त्याला स्वतःच्या पिंजऱ्यांचे बोये सापडत नाहीत, ग्लेन, तो काय पोर्ट—"

आणि तो थांबला. एवढा मोठा गडी, एकदम पिंजऱ्याच्या वेताशी काहीतरी खटपट करायला लागला.

"सापडत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे... ओहोटीने सरकतात. तू जा बाई घरी. मला कामं आहेत."

डिरीनांचे बोये नारिंगी असतात, मध्ये पांढरा पट्टा. त्यांच्या आजोबांनी घेतलेला रंग. ते आंधळ्यालाही सापडावेत म्हणून नारिंगी, असं नेव्हिलच सांगायचा. ग्लेनिस धक्क्यावरून उतरली, पण तिने गाडी लगेच सुरू केली नाही. दोन अधिक दोन अजून चारच होत होते. फक्त तिने आधी धरलेले दोन बहुधा चुकीचे होते. तिने काचेतून पाहिलं. ॲथॉल वेत सोडून तिच्या गाडीकडे बघत होता आणि तिने पाहिल्याबरोबर वळला. त्याला माहीत आहे. जे काही आहे ते ॲथॉलला माहीत आहे, आणि मला नाही. बाकी काही नाही तरी या एका गोष्टीचा राग तिला पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख होतं. "फ्लॅटहेड आणू," ती म्हणाली. "मी येते."

नेव्हिलने दचकून तिच्या दिशेने पाहिलं. ती बोटीवर वर्षातून एखाद्या वेळीच यायची, आणि आली तरी पुढच्या बाजूला पाठ करून मागच्या बाकावर बसायची. वडील गेल्यापासून तिला पुढचं पाणी बघवत नसे.

आज ती त्याच्या शेजारी उभी राहिली. नेव्हिलने मटनबर्ड अलगद काढली, हाताच्या सवयीने, धक्क्याच्या कडेला न लागता. खाडीत तो हळू निघाला, एरवीपेक्षा फारच हळू. मॅकगिनिसची बोट समोरून आली. पाण्यावर बोटीसमोरून बोट गेली की हात वर करायचा, ही इथली रीत. जमिनीवर ज्याच्याशी बोलत नाही त्यालाही पाण्यावर हात करायचा. न करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. नेव्हिलने मॅकगिनिसच्या इंजिनाचा आवाज ऐकला, आणि आवाज अगदी बरोबरीला आल्यावर हात केला. थोडा उशिरा. आणि थोडा मागे.

ग्लेनिसने तो हात खाली येईपर्यंत पाहिला.

पुढे, वाटेच्या कडेला, खुणेचा एक उंच खांब उभा होता. त्याच्या टोकावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. आसपास मैलभर एकही बोट नव्हती. ग्लेनिसने खांबाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. करू नये असं वाटलं. तरी तिने केलं.

"अरे, ॲथॉल आलाय बघ. समोर. हात तरी कर."

नेव्हिलने मान जराशी तिरकी केली. मग त्याचा चेहरा उजळला, आणि त्याने हात उंच करून जोरात हलवला. "काय रे थेरड्या!" तो ओरडला. "आज पिंजरे सोडून कुठे?"

पाणकावळ्याने पंख मिटले नाहीत.

"उत्तर देत नाही," नेव्हिल म्हणाला. "तू काल त्याच्यावर खेकसलीस ना, म्हणून. त्याने सांगितलं मला."

"नेव्हिल, इंजिन बंद कर."

"काय झालं?"

"बंद कर."

इंजिन थांबलं. पाणी बोटीच्या अंगाला चाटत राहिलं.

"तो ॲथॉल नव्हता," ती म्हणाली. "कुणीच नव्हतं. खांबावर पाणकावळा आहे."

नेव्हिल सुकाणूवर हात ठेवून म्हणाला, "हे तू मुद्दाम केलंस."

"हो."

"फार वाईट आहेस तू, ग्लेन."

"हो. कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. आधी वाटलं चष्मा." तो बसला. "मधलं जातं. कडा राहतात. मधोमध एक डाग असतो, चहाचा सांडल्यासारखा, आणि ज्याच्याकडे बघावं ते नेमकं त्याच्याखाली जातं. तुझ्याकडे पाहिलं की मला तुझे कान दिसतात. तिरकं बघितलं तर थोडं कळतं. त्या बोयाकडे मी बघत होतो गं. सरळ बघत होतो. म्हणून तर घासला."

"डॉक्टर?"

"नाही गेलो."

"का?"

"गेलो असतो तर त्याने सांगितलं असतं." तो तिच्या दिशेने वळला, तिच्या कानाच्या दिशेने. "आणि मग तू बोट घेतली असतीस माझ्याकडून."

ग्लेनिसने खोटं बोलायचा विचार केला, आणि सोडून दिला. "हो. घेतली असती."

"म्हणून म्हटलं, मोठा पडदा असला, लाल-हिरवं दिसलं, ओरडलं, तर चालेल. मीच चालवीन. मला खाडी पाठ आहे."

"खाडी पाठ आहे. पण माणसं पाठ नाहीत, कयाक पाठ नाहीत, ओंडके पाठ नाहीत. तो दुकानदार काय म्हणाला ते मीही ऐकलं आणि तूही ऐकलंस."

आणि मग ग्लेनिस, जिने कधी सुकाणूला हात लावला नव्हता, म्हणाली, "ऊठ. कुठलं काय ते सांग."

त्याने सांगितलं. कुठे डावीकडे खडक आहे, कुठे ओहोटीची ओढ असते, खांब कुठल्या हाताला ठेवायचा. तो डोळे मिटून सांगत होता आणि ती समोरचं पाणी बघत होती, हात घट्ट, दात त्याहून घट्ट. धक्क्यापाशी तिने बोट एवढी जोरात आणली की धक्क्याला बांधलेला टायर चेपला आणि वरून केरिन धावत आली.

"काय झालं? बाबांनी ठोकली का?"

"मी ठोकली," ग्लेनिस म्हणाली. "दोर पकड."

*

रविवारी ॲथॉल जेवायला होता. मेंढीचं भाजलेलं मटण, बटाटे, मटार, पुदिन्याचा सॉस. बायको वारल्यापासून ॲथॉल दर रविवारी यायचा आणि दर रविवारी बटाट्यांची स्तुती करायचा. आज तो बटाट्यांकडे बघून खात होता. केरिनला अजून काही माहीत नव्हतं, पण हवा बदललेली तिला समजली होती.

"कुणी मेलंय का?" तिने विचारलं.

"अजून नाही," नेव्हिल म्हणाला. "तुझी आई विचार करतेय."

"मला सगळ्यांना एकदाच सांगायचंय," ग्लेनिसने सुरी खाली ठेवली. "ॲथॉल, तुला आधीच माहीत होतं. ते मी विसरणार नाही."

"त्याने शपथ घातली होती, ग्लेन."

"असू दे. मला त्याचं कारण नकोय." ती केरिनकडे वळली. "तुझ्या बापाला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. गेल्या हिवाळ्यापासून. आपल्याला कुणाला बोलला नाही. म्हणून तो बोया, म्हणून ते रडार."

केरिनने बापाकडे पाहिलं. "म्हणजे बेकरीत त्या दिवशी मी उभी होते, आणि तुम्ही मला 'काय दोस्ता' म्हणालात..."

"तुझा आवाज ऐकल्यावर ओळखलं की," नेव्हिल म्हणाला. ते त्याने हसत म्हणायचा प्रयत्न केला.

केरिन उठून त्याच्याजवळ जाणार होती, पण ग्लेनिसने हाताने तिला बसवलं.

"रडणं नंतर. आधी ऐका. बोट विकावी असं मला वाटत होतं. रात्रभर तेच वाटत होतं. पण तो खाडी तोंडपाठ सांगतो, आणि मला समोरचं दिसतं. यंत्राला ओंडका दिसत नाही, त्याला बोया दिसत नाही, मला खडक कुठे आहे ते माहीत नाही. तिघांपैकी एकावरही माझा एकट्याने विश्वास नाही."

"तुझा कुणावरच नाही," ॲथॉल पुटपुटला.

"तू मटार खा." तिने नेव्हिलकडे पाहिलं. तो मान किंचित तिरकी करून तिचं ऐकत होता. या खेपेला ती स्वतःच थोडी बाजूला सरकली, त्याच्या नजरेच्या कडेत.

"बुधवारी होबार्टला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. तो काय सांगेल ते माझ्यासमोर सांगेल. रडार घ्यायचं. घुमटाचं, बटणांचं, मोठ्या पडद्याचं. पडद्यासमोर नेव्हिल बसेल. बोट मी चालवणार. बोट चालवायच्या परवान्याच्या वर्गाला मी नाव घातलंय, शनिवारपासून आहे. परवाना हातात येईपर्यंत मटनबर्ड धक्क्यावरून हलणार नाही, ॲथॉलबरोबरही नाही, आणि किल्ली माझ्याकडे आहे."